द्राक्षमण्यावरचं औषध कॅमेऱ्याला किती दिसतं?

१८ मिलिमीटर व्यासाचा एक मणी घ्या. तो गोल धरला तर वजन साधारण ३.२ ग्रॅम आणि सालीचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. ज्या कीडनाशकाला युरोपीय संघाने वेगळी एमआरएल (फळात चालणाऱ्या औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा) दिलेली नाही, त्याला तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे या एका मण्यावर जास्तीत जास्त ३२ नॅनोग्रॅम औषध चालतं. ते सगळं सालीवरच आहे आणि एकसारखं पसरलंय असं मानू. चौरस सेंटिमीटरला ३ नॅनोग्रॅम झाले. या थराची जाडी काढली तर ०.०३ नॅनोमीटरसुद्धा भरत नाही. एक अणू याहून जाड असतो.

त्याच सालीवर मण्याचं स्वतःचं मेण असतं, ज्याच्या पांढुरक्या झाकेला आपल्याकडे लस्टर म्हणतात. ते चौरस सेंटिमीटरला साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे औषधाच्या तीस हजार पट. आणि हे मेण घडाच्या वरच्या मण्यावर वेगळं, सावलीतल्या मण्यावर वेगळं, हाताळलेल्या मण्यावर आणखी वेगळं.

हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याबद्दल बोलताना हा हिशोब आधी मांडला पाहिजे, कारण ‘सरकत्या पट्ट्यावरून घड जाता जाता रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, कळेल’ ही कल्पना पॅकहाऊसवाल्यांना आणि बागाईतदारांना फार मोह घालते. मोह पडणं साहजिकही आहे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस जातात, नमुना चिरडला जातो, आणि अहवाल येईपर्यंत माल वेलीवर नाहीतर शीतगृहात अडकतो. पण या कॅमेऱ्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे पैसे भरण्याआधी समजलेलं बरं.

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक बिंदूसाठी तीन रंग नोंदवतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच बिंदूसाठी तरंगलांबीचे शेकडो अरुंद पट्टे नोंदवतो. उदाहरणादाखल, स्पेसिम कंपनीचा एफएक्स १० हा ४०० ते १००० नॅनोमीटर पाहतो आणि एफएक्स १७ हा ९०० ते १७०० नॅनोमीटर. दोन्हींत २२४ पट्टे. पहिल्याचा संवेदक सिलिकॉनचा, एका ओळीत १०२४ बिंदू घेणारा. दुसऱ्याचा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा, ओळीत ६४० बिंदूंचा. दोघंही एका वेळी एकच ओळ टिपतात, म्हणून फळ त्यांच्याखालून सरकवावं लागतं. सेंद्रिय रेणूंमधले कार्बन-हायड्रोजन, ऑक्सिजन-हायड्रोजन, नायट्रोजन-हायड्रोजन हे बंध जवळच्या अवरक्त पट्ट्यात प्रकाश शोषतात, त्यावरून पदार्थ ओळखायचा, ही मूळ कल्पना. अडचण अशी की या पट्ट्यात दिसतात ते मूळ शोषणाचे ओव्हरटोन, म्हणजे दुप्पट-तिप्पट कंपनसंख्येला उमटणारे पडसाद. ते क्षीण असतात, रुंद असतात आणि एकमेकांवर चढलेले असतात. साखरेत, मेणात आणि कीडनाशकात तेच ते बंध आहेत.

वरच्या थराचं शोषण किती होईल? ओव्हरटोनचा शोषणांक दर सेंटिमीटरला १० असा सढळ हाताने धरला, तरी प्रकाशात पडणारा फरक चार कोटींत एक भाग. चांगल्या कॅमेऱ्याचा आवाज, म्हणजे नॉइज, हजारात एक भाग असतो. पिक्सेलांची सरासरी काढून आवाज कमी होतो हे खरं, पण तो वर्गमुळाच्या हिशोबाने. इथे एका मण्यासाठी शंभर कोटींच्या वर पिक्सेल लागतील. प्रत्यक्षात एका मण्याच्या वाट्याला अडीच हजारांच्या आसपास येतात. हे अंतर सॉफ्टवेअरने किंवा न्यूरल नेटवर्कने भरून निघत नाही, कारण जी माहिती संवेदकापर्यंत पोचलीच नाही ती मागाहून काढता येत नाही.

आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत शिरून रसातून फिरणाऱ्या, औषधांच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. २०१० सालचा सीसीसीचा फटका द्राक्षपट्टा विसरलेला नाही. क्लोरमेक्वाट क्लोराइड, वाढ रोखायला आणि घडनिर्मितीसाठी प्रामुख्याने खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर वापरलं जाणारं संजीवक. युरोपची मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, अंश त्यावर निघाले आणि कंटेनर अडकले. ते औषध सालीवर नव्हतंच. वेलीतून घडात आलेलं होतं. १८ टक्के साखर असलेल्या मण्यात ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे औषधाच्या एका भागाला साखरेचे ३६ लाख भाग. तेव्हा पॅकहाऊसमध्ये जगातला सगळ्यात चांगला कॅमेरा असता तरी त्याला काही दिसलं नसतं.

मग शोधनिबंधांमध्ये नव्वद-पंच्याण्णव टक्के अचूकता कशी निघते? बहुतेक ठिकाणी फळावर शिफारशीच्या मात्रेचं द्रावण थेंबाथेंबाने टाकलेलं असतं, वाळवलेलं असतं आणि लगेच प्रतिमा घेतलेली असते. त्यात खोटं काही नाही. फक्त ती परीक्षा वेगळ्या गोष्टीची आहे. वाळलेला थेंब सगळ्या मण्यावर सारखा पसरत नाही, तो कडेला साचतो. किलोला ५ मिलिग्रॅम औषध मण्याच्या ५ टक्के भागातच साचलं, तर त्या डागात चौरस सेंटिमीटरला ३० मायक्रोग्रॅमच्या वर भरतं. शिवाय त्याच्यासोबत भुकटीतला केओलिन किंवा सिलिका, प्रवाही औषधातले इमल्सिफायर, वर घातलेलं स्टिकर (औषध चिकटून राहावं म्हणून मिसळतात ते द्रव्य), आणि फवाऱ्याच्या पाण्यातला क्षार असतो. कॅमेऱ्याला दिसतो तो हा सगळा डाग. क्रियाशील घटक त्यातला एक वाटेकरी, आणि बरेचदा लहान.

डाग पाहणं हे कमी मोलाचं काम नाही. त्यासाठी मांडणी कशी करायची ते आता सविस्तर लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

प्रकाश हॅलोजनचाच हवा. पांढऱ्या एलईडीत ७५० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ काहीच नसतं. दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत दिव्यांची रांग, आणि वीजपुरवठा स्थिर डीसीचा. घरगुती एसीवर दिवा दर सेकंदाला १०० वेळा किंचित मंद-तेज होतो आणि प्रतिमेत आडवे पट्टे उमटतात. दिवे लावल्यावर किमान अर्धा तास थांबायचं. या अर्ध्या तासात दिव्याचा रंग आणि कॅमेऱ्याचं तापमान दोन्ही स्थिरावतात. हॅलोजनचा प्रकाश निळ्या टोकाला क्षीण असतो, म्हणून ४३० नॅनोमीटरच्या खालचे पट्टे मी सरळ काढून टाकण्याच्या मताचा आहे. एफएक्स १७ मध्येही दोन्ही टोकांचे आठ-दहा पट्टे काढावेत.

वेग जुळवायचा साधा हिशोब असा: २०० मिलिमीटर रुंदीचं दृश्य ६४० बिंदूंत घेतलं तर एक बिंदू ०.३१ मिलिमीटरचा. सेकंदाला १०० ओळी घेत असाल तर पट्टा सेकंदाला ३१ मिलिमीटर सरकला पाहिजे. वेग कमी-जास्त झाला की गोल मणी लांबट किंवा चपटा दिसतो. ती खूण दिसली की आधी वेग तपासा. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या आतच बसवावं लागतं. ते इतकं ठेवा की पांढरी फरशी पूर्ण क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर येईल. हजार ओळींची एक प्रतिमा १६ बिटांत साठवली तर २८७ एमबी होते. दिवसाला दोनशे घड धरले तर साठवणीची सोय आधीच करावी लागते.

पांढरी फरशी म्हणजे ९९ टक्के प्रकाश परतवणारी टेफ्लॉनसारख्या पदार्थाची प्रमाणित पाटी. ती पट्ट्यावर ठेवून चालत नाही. घड पट्ट्यापासून ५-६ सेंटिमीटर उंच असतो आणि दिव्याच्या जवळ गेल्याने तिथला प्रकाश जास्त असतो. पाटी मण्याच्या उंचीवर धरली नाही, तर परावर्तन १०० टक्क्यांच्या वर निघतं आणि माणूस गोंधळात पडतो. नंतर लेन्सला झाकण लावून काळी प्रतिमा घ्यायची. फळाच्या आकड्यातून काळा वजा, पांढऱ्यातून काळा वजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. संवेदक तापतो तसा काळा आकडा बदलतो, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही पुन्हा घ्यावेत.

द्राक्षाची स्वतःची अशी दुखणी आहेत. सफरचंद किंवा आंबा एकटा ठेवता येतो. घडात मणी एकमेकांवर सावली टाकतात, आणि प्रत्येक मण्याच्या माथ्यावर दिव्याचा चकाकता ठिपका येतो. त्या ठिपक्यात सालीबद्दल काहीच माहिती नसते, पण तो पांढरा दिसतो आणि औषधाचा डागही पांढराच असतो. चकाकीचे पिक्सेल आणि सावलीचे पिक्सेल दोन्ही आधी गाळा. दिव्यांपुढे दुधी पडदा लावला तर चकाकी पसरट आणि सौम्य होते. प्रयोगाच्या पहिल्या फेरीत मी घडच वापरू नये असं सांगेन. मणी देठाशी कात्रीने कापून, काळ्या मॅट रबरच्या खाचांत एकेक बसवावेत. हात फक्त देठाला. बोट लागलं की लस्टर पुसलं जातं आणि बोटाचा ठसा पुढे ‘औषध’ म्हणून मोजला जातो.

प्रतिमा प्रीकूलिंगच्या, म्हणजे घड थंड करण्याच्या, आधी घ्या. थंड घड बाहेर काढला की दोन मिनिटांत त्यावर दव धरतं आणि पाण्याची फिल्म १४५० नॅनोमीटरचा सगळा पट्टा गिळते. दव नाही धरलं तरी पाण्याचं शोषण तापमानाप्रमाणे सरकतं. ५ अंशांचा मणी आणि ३० अंशांचा मणी कॅमेऱ्याला दोन वेगळी फळं वाटतात.

आता नमुने. समजा मॅन्कोझेब ७५ टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी घेतली. ते सालीवर राहणारं आहे, डाग पाडतं, म्हणून शिकायला बरं. (युरोपने त्याची मान्यता काढून घेतलेली आहे, तेव्हा निर्यातीच्या बागेत हा विषय वेगळ्या गांभीर्याने घ्यायचा.) लिटरला २ ग्रॅम ही पूर्ण मात्रा, मग १, अर्धा आणि पाव ग्रॅम. प्रत्येक मात्रेला किमान पन्नास मणी, तेही तीन-चार वेगवेगळ्या बागांतले. चोवीस तास सावलीत वाळू द्यायचे.

सगळ्यात महत्त्वाचे असतात ते औषध नसलेले मणी, आणि कामं तिथेच घसरतात. नुसते कोरडे मणी ठेवून भागत नाही. फवारलेल्या मण्यावर पाणी पडलेलं असतं, लस्टर हललेलं असतं, पाण्याचा क्षार उरलेला असतो. कोरड्या मण्याशी तुलना केली तर मॉडेल ‘ओला झालेला’ आणि ‘ओला न झालेला’ एवढंच शिकतं आणि ९८ टक्के अचूकता दाखवतं. म्हणून चार गट ठेवा: कोरडे, त्याच टाकीतल्या पाण्याने फवारलेले, पाणी आणि स्टिकर फवारलेले, आणि नुसत्या केओलिनचं पाणी फवारलेले. चौथा गट फार काही सांगून जातो. केओलिनची १४०० नॅनोमीटरजवळ जोडखूण असते आणि २२०० जवळ दुसरी, ठळक. एफएक्स १७ ला पहिलीच दिसू शकते, कारण तो १७०० च्या पुढे पाहत नाही. मॉडेलने केओलिनच्या मण्याला औषधाचा मणी म्हटलं, तर ते वाहक पदार्थ ओळखतंय. मग दुसऱ्या कंपनीचं, वेगळा वाहक असलेलं तेच औषध आलं की ते चुकणार.

सगळ्या गटांचे मणी मिसळून, एकाच दिवशी, आलटून पालटून कॅमेऱ्याखाली घाला. सोमवारी औषधाचे आणि मंगळवारी कोरडे असं केलंत, तर एका दिवसात मण्याने गमावलेलं पाणी मॉडेलला पुरतं. दिवेही रोज तसूभर वेगळे असतात.

कॅमेऱ्याचं मॉडेल ज्या आकड्यावर शिकतं तो आकडा प्रयोगशाळेतून येतो, आणि तिथेही खाच आहे. बहुतेक औषधांसाठी फळ वाटून, इथाइल ॲसिटेट किंवा ॲसिटोनायट्राइलने अंश काढून, एलसी-एमएस/एमएसवर (घटक वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) एकाच वेळी शेकडो औषधं तपासतात. ०.०१ मिलिग्रॅम तिथे सहज मोजता येतं. मॅन्कोझेब मात्र त्या चाळणीत सापडत नाही. त्याला आम्ल आणि स्टॅनस क्लोराइडमध्ये तापवून सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजावा लागतो. फळ आधीच बारीक वाटून ठेवलं तर रसाच्या आम्लाने औषध तुटायला लागतं आणि आकडा कमी येतो. म्हणून प्रयोगशाळेला आधी सांगून मणी अख्खे पाठवा. आणखी एक गोष्ट: प्रयोगशाळा पूर्ण मण्याचा एक आकडा देते, तर कॅमेऱ्याला वरची अर्धी बाजूच दिसते, त्यातही कडेचे पिक्सेल तिरपे. मणी उलटून दुसरी प्रतिमा घेतल्याशिवाय हे दोन आकडे जुळवू नयेत.

गणिती प्रक्रियेत एक सवय मोडायला हवी. बहुतेक जण वर्णपट हातात आला की एसएनव्ही लावतात, म्हणजे प्रत्येक वर्णपटातून त्याची सरासरी वजा करून त्याच्याच विचलनाने भागतात. गोल फळावरचा प्रकाशाचा चढउतार त्याने जातो, हे बरोबर. पण भुकटीच्या डागाची मुख्य खूणच प्रकाश विखुरणं ही आहे. हिरव्या मण्यावर ६७० नॅनोमीटरला हरितद्रव्याचा खड्डा असतो, डागाच्या जागी तो भरून येतो आणि एकूण परावर्तन वर चढतं. एसएनव्हीने यातला मोठा भाग पुसला जातो. म्हणून दोन्ही रूपं ठेवा आणि दोन्हींवर मॉडेल करून पाहा. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वर्णपटाचा उतार, घ्यायचं असेल तर सावित्झकी-गोले पद्धत, ११ बिंदूंची खिडकी, दुसऱ्या घाताचं बहुपद. एफएक्स १७ वर ही खिडकी जवळपास ४० नॅनोमीटरची होते आणि त्याहून रुंद केली तर केओलिनसारख्या अरुंद खुणा विरघळून जातात.

मॉडेल साधं ठेवा. पीएलएस-डीए या वर्णपटावरून गट पाडणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने सुरुवात करा, घटकांची संख्या दहाच्या वर जायला लागली तर ते मॉडेल आवाज पाठ करतंय असं समजा. तपासणीसाठी पिक्सेल यादृच्छिक वाटू नयेत. एकाच मण्याचे हजार पिक्सेल शिकवणीत आणि हजार परीक्षेत गेले, तर मॉडेल तो मणी ओळखतं, औषध नाही. मणी अख्खा एका बाजूला जायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे अख्खी बाग बाजूला ठेवणं: तीन बागांवर शिकवा, चौथीवर तपासा. आकडा ९७ वरून ७० वर आला तर वाईट वाटून घेऊ नका, तोच खरा आकडा आहे.

विक्रेत्याला विचारायचं तेही यातूनच निघतं. परीक्षेतले मणी कुठल्या बागेचे होते? पाणी फवारलेल्या मण्यांवर यंत्र काय सांगतं? आणि तुमची शोधमर्यादा किलोला किती मिलिग्रॅम, तीही प्रयोगशाळेत त्याच मण्यांवर मोजलेली? तिसऱ्याचं उत्तर आकड्यात मिळालं नाही तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. ‘हजारभर औषधं ओळखतं’ म्हणणाऱ्याला वरचा ३२ नॅनोग्रॅमचा हिशोब दाखवा.

सालीवरचे फार कमी अंश प्रकाशाने मोजायचे असतील तर सोन्या-चांदीच्या नॅनोकणांवर आधारलेलं रमण तंत्र जास्त जवळचं आहे. थायरमसारखं गंधक असलेलं औषध धातूला घट्ट चिकटतं आणि रमण वर्णपटात १३८० प्रति सेंटिमीटरच्या जवळ ठळक शिखर देतं. पण तिथे सालीवर द्रावण टाकावं लागतं किंवा सालीचं पुसणं घ्यावं लागतं. ते एका ठिपक्याचं मोजमाप आहे, पट्ट्यावरचं नाही. आणि जे औषध धातूला चिकटत नाही ते त्यातही निसटतं.

हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा मी सुचवीन तो तीन कामांसाठी. पहिलं, फवारणीची तपासणी. ब्लोअरने घडाच्या आतल्या बाजूला औषध पोचतं का, एका ओळीला दोनदा फवारा बसतो का, नोझल झिजलंय का, हे डागांच्या नकाशावरून फार स्पष्ट दिसतं. दुसरं, पॅकिंगच्या आधी डागाळलेले घड वेगळे काढणं. यासाठी २२४ पट्टे लागत नाहीत. महिनाभर अभ्यास करून चार-पाच उपयोगी पट्टे निवडले की फिल्टर लावलेला स्वस्त कॅमेरा पुरतो. काही मालाला तर चांगल्या प्रकाशातला साधा रंगीत कॅमेराही पुरेल, आणि महागडं यंत्र घेण्याआधी ते करून पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. साखर, उकड्या, तडे, कुजीची सुरुवात हे मात्र हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा खरोखर उत्तम ओळखतो, कारण तिथे बदल टक्क्यांत असतो.

तिसरं काम नमुना निवडण्याचं. प्रयोगशाळेत जाणारे घड डोळ्यांनी उचलण्याऐवजी कॅमेऱ्याने ज्यांवर सर्वांत जास्त डाग दाखवले असे पाच-सहा घड वेगळे पाठवले, तर बागेतली वाईटात वाईट स्थिती लवकर कळते. फक्त ही पिशवी वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसं लिहा. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटमधला (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेतला) नमुना संपूर्ण प्लॉटचं प्रतिनिधित्व करणारा असावा लागतो. निवडलेले घड त्यात मिसळले तर आकडा विनाकारण वर जातो, आणि डाग नसलेले घड निवडून मिसळले तर ती फसवणूक होते. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ संपायच्या आत निवडलेल्या पिशवीचा अहवाल हातात आला, तर काढणी आठवडाभर पुढे ढकलायची की नाही हे ठरवायला वेळ उरतो. आंतरप्रवाही औषधं वापरलेल्या बागेत मात्र डाग नसलेले दोन घडही सोबत पाठवा, वेगळ्या पिशवीत.